मावशींची कंबर

मावशींचा वर्ग रस्त्यावर भरायचा. सुरतेत, डिंडोलीच्या तळ्याभोवती पुढे मावशी, डोक्यावर पदर, पायात पुरुषी सँडल, आणि मागे धापा टाकत आम्ही पाचसहा जण. कुणाला बाप्तिस्मा घ्यायचा असायचा, कुणाला मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, काही सेवा करायची असायची आणि माझ्यासारख्या एखाद्या उतावळ्याला एकदम पास्टरच व्हायचं असायचं. आमच्या मंडळीत या सगळ्यांना आधी मावशींच्या हाताखालून जावं लागे. त्याला ‘तयारी’ म्हणत. तयारी किती दिवस चालणार हे मावशी ठरवायच्या, आणि त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

तळ्याच्या एका कोपऱ्यावर त्या प्रश्न टाकायच्या आणि पुढच्या कोपऱ्यापर्यंत उत्तर मागायच्या. प्रश्नही असे की शास्त्रात शोधून सापडणार नाहीत. ‘काल कुणाचा राग आला?’ ‘शेजारणीचं चांगलं झालं तेव्हा पोटात काय झालं?’ ‘उपवास धरला तो घरात कितींना कळवला?’ मी पहिल्या दिवशी वही घेऊन गेलो होतो. मावशींनी ती काखेत मारली आणि परत दिलीच नाही. बाकावर बसून बोलू या, असं एकदा कुणीतरी सुचवलं, तर म्हणाल्या, ‘बसून शिकलेलं बसल्या जागी राहतं. चला.’ तळ्यावर फिरायला येणारे गुजराती काका आम्हाला बघून कौतुकानं म्हणायचे, माजी, आ उंमरे आटलुं चालो छो! या वयात एवढं चालता! मावशी हसून हात हलवायच्या आणि आणखी एक फेरी मारायच्या.

मावशी मूळच्या नंदुरबारकडच्या. नवरा पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये होता, तो गेला. स्वतः त्यांनी उधन्याच्या एका कारखान्यात साड्यांच्या घड्या घालण्यात आयुष्य काढलं, उभ्यानं. एकुलती मुलगी लग्न होऊन नवापूरला. मावशी डिंडोलीत एका खोलीत एकट्या राहायच्या आणि त्या खोलीतही त्या येरझाऱ्याच घालायच्या. वर्गात निरनिराळ्या जिल्ह्यांची माणसं असत म्हणून आमच्याशी पुस्तकी वळणाचं मराठी बोलायच्या. मन हललं की मात्र अहिराणी. मीही घरी अहिराणीच बोलणारा, त्यामुळे त्या कधी हलल्या हे मला लगेच कळायचं.

त्यांच्यासमोर प्रार्थना करणं म्हणजे परीक्षाच असे. आमच्याकडे शुक्रवारच्या संगतीत, म्हणजे प्रार्थनासभेत, लोक प्रार्थनेत शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी खबर देतात. एक भाऊ एकदा डोळे मिटून रंगात आले, ‘हे प्रभू, तू जाणतोस की समोरच्या खोलीतला मुलगा कामावर जात नाही, तू जाणतोस की काल त्याची बायको माहेरी गेली...’ मावशी मधेच म्हणाल्या, ‘तो जाणतोय ना? मग त्याला कशाला सांगता? पुढं बोला.’ भाऊंना पुढं काही सुचलंच नाही. बायकांच्या बाजूनं पदराआडून हसू फुटलं, आणि त्या भाऊंनी त्यानंतर महिनाभर मोठ्यानं प्रार्थना केली नाही. मावशी म्हणाल्या, आता करत असेल खरी.

दुसरी त्यांची बंदी ‘प्रभूनं मला सांगितलं’ या वाक्यावर. तयारी चालू आहे तोवर हे वाक्य बोलायचं नाही, ‘मला वाटतं’ म्हणायचं. ऐकायला सोपं आहे. करून बघा. आमच्यातल्या एकानं एका मुलीच्या घरी निरोप पाठवला होता की प्रभूनं मला तुमची मुलगी दाखवली आहे. मावशींनी त्याला तळ्यावर सगळ्यांदेखत विचारलं, ‘अन तिला कोण दाखवला?’ बिचाऱ्यानं पुढच्या दोन फेऱ्या खाली मान घालून मारल्या. पुढे त्याचं लग्न त्याच मुलीशी झालं, पण आधी तिला विचारून.

माझी तयारी मावशींनी सरकारी दवाखान्यात केली. मला भाषणं करायची हौस होती. आरशासमोर हातवारे करायचो. मावशींनी मला आठवड्यातून एकदा केसपेपरच्या रांगेत उभं केलं, अनोळखी माणसांसाठी. कुणी बिहारी, कुणी ओडिया, कुणी आपल्याकडचा. त्यांच्या जागी मी रांगेत राहायचं म्हणजे त्यांना बाजूला टेकता येईल. येशूचं नाव काढायचं नाही, कुणी विचारलं तरच सांगायचं. मी चिडलो होतो. ‘मावशी, कुणीच विचारत नाही.’ त्या म्हणाल्या, ‘मग अजून नीट उभा राहायला शिक.’ या उत्तरावर मी आठवडाभर धुमसत होतो.

हे सगळं खपवून घ्यायचं कारण एकच. मावशी आमच्या मंडळीची साक्ष होत्या.

साक्ष म्हणजे आमच्यात प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. मावशींची साक्ष उधना ते पांडेसरा सगळ्यांना पाठ होती. घड्या घालून घालून त्यांची कंबर गेली होती. वाकता येईना, उठता येईना, कारखान्यानं घरी बसवलं. त्या वेळी आमचे पास्टर नवीन आलेले, धुळ्याकडचा तरुण पोरगा, मंडळीत मोजून चार घरं. कंटाळून ते गावी परत जायला निघाले होते. जायच्या आधी म्हातारीसाठी प्रार्थना करून जावं म्हणून मावशींच्या खोलीवर आले, प्रार्थना केली, आणि मावशी उठून चालायला लागल्या. पास्टर गेले नाहीत. चार घरांची भरली मंडळी झाली, दुकानांवरचा हॉल भाड्यानं घेतला, खालच्या मजल्यावरच्या एम्ब्रॉयडरी मशिनींच्या खडखडाटात आमची गाणी सुरू झाली.

दर वर्धापनदिनाला पास्टर आपला पांढरा रुमाल जमिनीवर टाकायचे. मावशी पुढे यायच्या, वाकायच्या, रुमाल उचलून त्यांच्या हातात द्यायच्या. टाळ्या, हालेलुया, बायकांच्या डोळ्यांत पाणी. मी मित्राबरोबर जेवणाच्या आशेनं पहिल्यांदा त्या हॉलमध्ये गेलो तेव्हा हेच पाहिलं. घरी नाही बोललो, पण त्या दिवशी आत काहीतरी फिरलं. पुढे बाप्तिस्मा घेतला, आईचा अबोला सोसला, नोकरी सांभाळून सेवेची स्वप्नं बघायला लागलो. माझा सगळा विश्वास खरं सांगायचं तर त्या कमरेवर उभा होता.

आणि त्या कमरेचं मला कळलं ते एका किल्लीमुळे.

दुपारची वेळ. पहिली पाळी संपवून मी त्यांच्या गल्लीतून चाललो होतो. मावशी स्वतःच्या दारासमोर उन्हात उभ्या. दाराला कुलूप, आणि किल्ली पायाशी पडलेली.

‘काय झालं मावशी?’

‘काही नाही. उभी आहे.’

‘किल्ली पडलीय तुमची.’

‘दिसतेय मला.’

मी वाट बघितली. त्यांनीही बघितली. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मग त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकली आणि हळूच म्हणाल्या, ‘उचलीसन दे रे बापा.’ अहिराणी. मी किल्ली उचलली, कुलूप काढलं आणि आत जाऊन माठातलं पाणी दिलं. त्या भिंतीला टेकून उभ्यानंच प्यायल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तळ्याच्या फेऱ्या, खोलीतल्या येरझाऱ्या, हॉलमध्ये खुर्ची नाकारून मागं उभं राहणं. आम्ही त्याला आवेश समजत होतो. बाईला बसता येत नव्हतं. बसलं की कळ पार पोटरीपर्यंत जायची, चालत राहिलं की जरा सुसह्य व्हायची.

‘म्हणजे सगळं खोटं?’ माझा आवाज चढला.

‘खोटं कशाला? कितीतरी वर्षं वाकले की मी. पोतं उचललं, फरशी पुसली. ते काय आपोआप झालं? आता पुन्हा धरलीय. इतकंच.’

‘मग वर्धापनदिनाला कशा वाकता?’

‘सकाळी मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेते. वर्षातून एकदा वाकायचं, त्याला काय.’

मी दारापर्यंत गेलो, परत आलो. आता आम्ही दोघंही येरझाऱ्या घालत होतो आणि खोली एवढीशी, एकमेकांना वाट द्यावी लागत होती. दुसऱ्यांच्या प्रार्थनेतलं खोटं पकडणारी ही बाई! मी ते बोलूनही दाखवलं. त्या रागावल्या नाहीत.

‘पास्टरचं काय होईल?’ त्या म्हणाल्या. ‘तो थांबलाय तो माझ्या कमरेपायी. भला माणूस आहे. त्याला कळलं तर तो म्हणेल, प्रभूनं मला कधी बोलावलंच नव्हतं. अन मग एवढ्या घरांना कोण?’

मी कुणाला सांगणार नाही असं कबूल करून बाहेर पडलो. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. रविवारी हॉलमध्ये पास्टर उपदेश करायचे आणि माझं सगळं लक्ष मागे, मावशी या पायावरून त्या पायावर भार टाकत उभ्या असायच्या तिकडे. कधी वाटायचं, उठून ओरडून सांगावं. कधी वाटायचं, गाशा गुंडाळून जळगावला निघून जावं, काकांच्या दुकानात बसावं, देवाचं नावच काढू नये. तळ्यावर त्या मला विचारायच्या, ‘काल कुणाचा राग आला?’ मी म्हणायचो, ‘तुमचा.’ त्या मान डोलावून पुढच्याला विचारायच्या.

वर्धापनदिन जवळ आला तेव्हा वर्गात मंडळीतल्या एका घरची नवीन सून दाखल झाली. नवरा लूमवर, ती घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. बारीक चणीची, सारखी खोकायची. तिला टीबीच्या गोळ्या चालू होत्या हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एक दिवस तळ्याच्या वळणावर, मावशींनी काही विचारायच्या आधीच, ती हसत म्हणाली, ‘मावशी, मी गोळ्या बंद केल्या.’

‘का गं?’

‘तुम्ही कुठं घेतल्या गोळ्या? तुमची साक्ष ऐकली ना मी. विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवायचा.’

मावशी थांबल्या. आम्ही मागचे एकमेकांवर आदळलो. मावशींचा चेहरा मी पाहिला, आणि मला त्यांचा आलेला सगळा राग कुठल्या कुठे गेला. नुसती भीती होती तिथं. त्यांनी मुलीचा दंड धरला. ‘आजच चालू कर. मी सांगते.’ मुलगी म्हणाली, ‘तुम्ही माझी परीक्षा घेताय, मावशी, मला कळतं.’ आणि खोकत खोकत पुढे गेली. मावशी परीक्षाच घ्यायच्या की सगळ्यांच्या. त्या पोरीचं काय चुकलं?

मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन आलो. नवऱ्यानं मला अविश्वासी ठरवून दारातूनच परत पाठवलं. मावशी स्वतः गेल्या, तर त्यांच्यासाठी चहा झाला, पाया पडणं झालं, आणि गोळ्यांचा विषय निघताच ती दोघं हात जोडून हसत राहिली. परत येताना मावशी म्हणाल्या, ‘माझ्या बोलण्यापेक्षा रुमाल भारी ठरला.’

वर्धापनदिनाला हॉल खचाखच भरला होता. पताका, जास्तीचे पंखे, मागं बुंदीच्या परातीवर झाकलेलं पातळ. बायका डावीकडे चटईवर, पुरुष उजवीकडे, आणि खालच्या मशिनी रविवार असून चालूच. पास्टरांनी मंडळीची कहाणी सांगितली, आवाज कापत होता त्यांचा, दर वर्षी कापायचा. मग त्यांनी रुमाल टाकला आणि हसत हात पुढे केला.

मावशी पुढे आल्या. मी त्यांचे पाय बघत होतो. त्या दिवशी त्या लंगडत होत्या. गोळी घेतली नव्हती.

रुमालापाशी उभ्या राहिल्या आणि वाकल्याच नाहीत. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. पास्टर हळू आवाजात म्हणाले, ‘मावशी?’

‘माले वाकता येत नही,’ मावशी म्हणाल्या. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. ‘देवनी मन्ही कंबर बरी कयी व्हती, ते खरं शे. आते ती परत दुखस, रोज दुखस, हाई बी खरं शे. मागला वर्षे मी गोयी खाईसन वाकनू. मन्हं आयकीसन कोन्ही गोया बंद कया व्हतीन, ते आजपाईन परत चालू करा.’ मग त्या सुनेकडे वळून, सगळ्यांना कळेल अशा मराठीत म्हणाल्या, ‘तुला सांगतेय, पोरी. हात जोडते.’

जोडलेही.

पास्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते म्हणाले, ‘आपण एक गीत घेऊ.’ पेटीवाल्यानं सूर धरला, पण कुणाचा कुणाला मेळ नव्हता. पुरुषांतले एक वयस्क भाऊ, ज्यांचे डोळे बरे झाल्याची साक्ष मी दोनदा ऐकली होती, त्यांनी इकडेतिकडे बघत खिशातून चष्मा काढला, लावला आणि गीतांचं पुस्तक उघडलं. ती सून रडत होती. गीत संपल्यावर ती उठून मावशींजवळ आली आणि म्हणाली, ‘तुम्ही मला फसवलंत.’ मावशी म्हणाल्या, ‘हो.’ ती नवऱ्याला घेऊन बुंदी न खाताच निघून गेली. पण गोळ्या तिनं त्याच आठवड्यात सुरू केल्या. मला दवाखान्याच्या रांगेत भेटली. बोलली नाही, पण मी धरलेल्या जागी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

मंडळीतली काही घरं गेली. पांडेसऱ्यात एक नवी संगती निघाली होती, तिथं रोगी दर आठवड्याला बरे होत असत, तिकडे गेली. काहींनी मावशींना देवाची गुन्हेगार ठरवलं, काहींनी मला, कारण मी जाणून होतो हे कसं कोण जाणे फुटलं. मला कुणी काही म्हटलं तरी चालत होतं. पास्टर गप्प झाले होते, ते मात्र सोसत नव्हतं. उपदेश करायचे, आशीर्वाद द्यायचे, आणि मोपेडला किक मारून निघून जायचे. मावशींच्या गल्लीत त्यांची गाडी दिसेना. डिंडोलीत कुजबुज होती की पास्टर खोली सोडणार आहेत, सामान बांधताहेत. मावशींनी ते ऐकलं आणि त्यांचा वर्ग बंद पडला. तळ्यावर त्या एकट्याच जायच्या. मी दुरून बघायचो. पूर्वी नुसत्या दुखण्यानं चालायच्या, आता दुखणं आणि पास्टर, दोन्ही.

मी त्यांना दवाखान्यात न्यायचं ठरवलं होतं. त्या सकाळी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी करून मी खोलीत गेलो, मावशी सँडलचा पट्टा लावायची खटपट करत होत्या, आणि बाहेर मोपेड थांबली.

पास्टर आत आले. दाढी वाढलेली. मला वाटलं, निरोप घ्यायला आलेत. मावशींनाही तेच वाटलं असणार, कारण एका हातानं त्यांनी पलंगाचा कठडा घट्ट धरला. मग सवयीनं डोक्यावर पदर घेतला आणि डोळे मिटून मान खाली घातली. पास्टर कुणाच्याही घरी गेले की आधी प्रार्थना करत, मग पाणी.

प्रार्थना सुरू होईना. मावशींनी एक डोळा उघडला.

‘करा ना,’ त्या म्हणाल्या.

‘प्रार्थना मी पुष्कळ केली, मावशी,’ पास्टर म्हणाले. ‘हे सगळे दिवस तेच करत होतो. आधी मला सांगा, तुम्हाला दुखतं कुठं?’

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. पास्टर पुढे झाले, खाली बसले आणि त्यांच्या सँडलचा पट्टा लावू लागले.

मावशींचा हात हळूहळू मागे गेला. ‘आठे,’ त्या म्हणाल्या. ‘आठे, अन मंग खाले, पायपावत...’ आणि पुढे त्यांना बोलता येईना. एवढी कडक बाई, लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. पास्टर पायाशी बसून वर बघत होते. दुसऱ्या पायाचा पट्टा राहिला होता, तो मी लावला, आणि आम्ही दोघांनी त्यांना धरून रिक्षापर्यंत नेलं.